सोमा (नाव)

सोमा हे मराठीतील एक पुरुषनाम आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी परिसरातील वारली समाजात सोमवारी जन्मलेल्या मुलास हे नाव देण्याची प्रथा आहे. 'सोम्या' हे त्याचेच दुसरे रूप असून 'सोमी' हे स्त्रीलिंगी रूप होय.

अर्थ

संस्कृतमध्ये 'सोम' म्हणजे चंद्र. सोमवार हा चंद्राचा वार. मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही नावेही याच पद्धतीने अनुक्रमे मंगळवार, बुधवार व शुक्रवारवरून पडली आहेत. अन्यत्र सोमा हे सोमनाथ किंवा सोमेश्वर या नावांचे लघुरूपही असते. त्यामुळे केवळ नावावरून जन्मवार निश्चित करता येत नाही.

'-या' प्रत्यय

प्रमाण मराठीत नावाला लागणारा '-या' (गणेश – गण्या) सलगी किंवा अनादर दर्शवतो. वारली नावांत मात्र तो नावाचाच भाग असतो. म्हणून अशी नावे टोपणनावे समजणे चुकीचे ठरते. २०११ साली पद्मश्री मिळालेले, डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या नावात ही दोन्ही वळणे दिसतात. 'जिव्या' हे त्यांचे स्वतःचे, तर 'सोमा' हे वडिलांचे नाव.

अन्य भाषांत

सर्बियन भाषेतील 'नेदेल्को' हे मुलाचे नाव 'नेदेल्या' म्हणजे रविवार या शब्दावरून आले आहे. घानातील अकान समाजात शुक्रवारी जन्मलेल्या मुलास 'कोफी' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचे नाव याच प्रथेतील आहे.