झोपण्यापूर्वी मोबाइल बंद का ठेवावा?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुलांच्या अभ्यासासाठी गावाने २०२२ मध्ये सुरू केलेला हा नियम देशभर गाजला. असा एक भोंगा झोपेसाठीही हवा.

कारण काय? अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक वाढू लागते. स्क्रीनच्या निळसर प्रकाशामुळे ते उशिरा वाढते. बोस्टनमधील ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने १२ जणांवर प्रयोग केला. छापील पुस्तकाऐवजी ई-रीडर वाचला, त्या रात्री त्यांना झोप लागायला सुमारे १० मिनिटे जास्त लागली आणि सकाळी मरगळही अधिक जाणवली. १० मिनिटे फार नाहीत. पण पुस्तकाचे प्रकरण संपते, रील्स संपत नाहीत. खरी झोप तिथे जाते.

काय करता येईल?
• झोपेच्या तासभर आधीचा अलार्म लावा. तो वाजला की स्क्रीन बंद.
• फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. तातडीच्या कॉलसाठी रिंग चालू ठेवा.
• उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ वापरा.

आणि हो, वडगावात टीव्ही मोठ्यांचाही बंद होतो. नियम घरातल्या सगळ्यांना सारखा असेल, तरच मुले तो पाळतात.