पालखीपासून फॉर्च्युनरपर्यंत

"तुम्हाला इतिहासाची आवड आहे, स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्या," असे समितीने सांगितले, तेव्हा आधी शिवकाल, पेशवाई असेच विषय मनात आले. मग बाल्कनीतून खाली पार्किंगकडे नजर गेली आणि विषय तिथेच उभा असलेला दिसला. २००० साली आपण राहायला आलो तेव्हा आवारात स्कूटरी जास्त आणि मोटारी मोजक्या, त्याही बहुतेक मारुती ८००. आज चारही बाजूंना उंच, रुंद, काळ्या-पांढऱ्या गाड्या उभ्या आहेत. वार्षिक सभेत हिशेबाला दहा मिनिटे लागतात आणि पार्किंगला दीड तास!

वाहनावरून माणसाची पायरी ठरवणे ही काही आजची गोष्ट नाही. पेशवाईत पदरी पैसा आहे म्हणून कुणी पालखीत बसून मिरवू शकत नसे. पालखीचा मान सरकारातून मिळावा लागे आणि त्याबरोबर भोयांच्या वगैरे खर्चासाठी नेमणूकही मिळे. अबदागिरीचेही तसेच. म्हणजे पालखी दिसली की आत बसलेल्याने काहीतरी कामगिरी केली असणार, निदान सरकारची त्याच्यावर मर्जी असणार, एवढे लोकांना कळत असे. आता हा मान शोरूममध्ये मिळतो, आणि नेमणूक बँक देते. फक्त ती हप्त्याने परत घेते. (हे मी अनुभवाने सांगतो, पस्तीस वर्षे तेच केले.)

स्वातंत्र्यानंतर शहरात मान होता अँबॅसेडर आणि फिअटला. पण आजच्या मोठ्या गाडीचे मूळ मला जीपमध्ये दिसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने वापरलेली विलीज जीप महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत सुटे भाग जोडून तयार करायला घेतली. खेडेगावात जीप आली म्हणजे मामलेदार आला, नाहीतर फौजदार, नाहीतर साखर कारखान्याचे चेअरमन. धुरळा दिसला की आम्ही पोरे मागे धावायचो आणि पारावरची म्हातारी माणसे टोपी सारखी करायची. उंच गाडीतून येतो तो सरकारचा माणूस, हे तेव्हापासून आपल्या मनात बसले आहे. ते अजून उतरलेले नाही.

पुढचा क्रम तुम्हाला माहीत आहे. टेल्कोची सिएरा १९९१ मध्ये आली, १९९४ मध्ये सुमो. हे नाव जपानी पहिलवानांवरून पडले असे अनेकांना वाटते. खरे तर ते कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आहे. १९९८ मध्ये सफारी, २००० मध्ये क्वालिस, २००२ मध्ये महिंद्रची स्कॉर्पिओ आणि २००९ मध्ये फॉर्च्युनर. गंमत म्हणजे तशीच गाडी तालुक्याच्या गावी वडाप म्हणून चौदा माणसे कोंबून चालायची, तेव्हा तिला कुणी सलाम करत नसे. सीटवर पांढरा टॉवेल, पुढे झेंडा आणि ४१४१ हा नंबर 'दादा' असा रंगवलेला असला, की तिचीच ऐट व्हायची.

सरकारचेही या गाड्यांकडे लक्ष होतेच. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. २०१३ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी एसयूव्हीवरील अबकारी कर २७ वरून ३० टक्के केला. कारण सांगितले ते आपल्या सोसायटीच्या सभेत शोभेल असे: या गाड्या रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये जास्त जागा घेतात, म्हणून त्यांनी जास्त कर द्यावा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या, अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. काळी काच गेली, दिवा गेला. आता रुबाब दाखवायला उरला तो नुसता आकार.

आता माझ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली १९९६ ची. मी एका तालुक्याच्या शाखेत मॅनेजर होतो. एके दिवशी दारात नवी कोरी सुमो थांबली. आतले गृहस्थ केबिनमध्ये आले, मी खुर्चीतून उठलो, चहा मागवला. बाहेर एक धोतरवाले शेतकरी मुदत ठेवीची पावती नूतनीकरणासाठी घेऊन तासभर उभे होते. पुढे सुमोवाल्यांचे खाते थकले आणि वसुलीसाठी मलाच त्यांच्या दारी खेपा घालाव्या लागल्या. शेतकऱ्याने मात्र मुदत संपल्यावर ठेव काढून समोरच्या बँकेत नेली. कारण विचारले तर रागाने काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "सायेब, तिथं बसायला बाकडं हाय."

दुसरी गोष्ट आपल्या आवारातली, दोन वर्षांपूर्वीची. सी विंगमधल्या एका तरुण सभासदाने मोठी काळी गाडी घेतली. शेजारच्यांची तक्रार आली म्हणून मी टेप घेऊन खाली गेलो. आपले पट्टे मारुतीच्या काळातले, साडेचार मीटर लांब. मारुती ८०० सव्वातीन-साडेतीन मीटरची, त्यात आरामात बसायची. ही गाडी जवळजवळ पावणेपाच मीटर, म्हणजे जवळपास फूटभर पट्ट्याबाहेर. सभेत मी मापे वाचून दाखवली. तिथेच थांबायला हवे होते. पण मी पुढे म्हणालो, "गरज कसली, माज आहे, दुसरं काय!" लोक हसले. तो मागच्या रांगेत बसला होता.

आठवड्याने तो घरी आला. भांडायला नाही. त्याचा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे. म्हणाला, "काका, मी मोटरसायकलवर साइटवर जायचो तेव्हा गेटवरच बसवून ठेवायचे. बिलं सहा-सहा महिने अडकायची. ही गाडी घेतल्यापासून वॉचमन गेट उघडतो, साहेब भेटतो, चेक निघतो. हप्ता जड जातो. पण आता रस्त्यात कुणी आडवा घुसून माझ्या गाडीला घासला, तरी गर्दी मलाच धरते. मोठी गाडी आहे ना, मग चूक माझीच."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मला ते धोतरवाले शेतकरी आठवले. याला गेटवर बसवून ठेवणारे लोक माझ्यासारखेच होते. आणि त्याला माजोरडा म्हणणाराही मीच. अजून एक कबूल करतो. मागच्या दिवाळीत भाच्याच्या मोठ्या गाडीतून मी आलो तेव्हा आपल्याच वॉचमनने कडक सलाम ठोकला. रोज मी पायी येतो तेव्हा तो मान हलवतो. त्या दिवशीचा सलाम मला आवडला.

पुढे तोडगा निघाला. कंपाउंडच्या भिंतीकडेला लांब पट्टे आखले, मोठ्या गाड्या तिकडे गेल्या, जादा जागेचे जादा शुल्क ठरले. त्या ठरावाला अनुमोदन त्याच तरुणाने दिले. सर्व पाहुण्यांनी, मग ते रिक्षाने येवोत की फॉर्च्युनरने, गेटवर नोंद करायची असेही ठरले. वॉचमनला ते अजून जड जाते, मोठ्या गाडीला थांबवताना त्याचा हात आपोआप कपाळाकडे जातो. त्याला आपण सगळ्यांनी धीर द्यायला हवा.

राहता राहिले ते सभेतले माझे वाक्य. ते इतिवृत्तात नाही, पण पन्नास जणांनी ऐकले आहे. गाडी फूटभर बाहेर होती हे खरे. माज मी पदरचा घातला. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ते वाक्य मी इथे, छापील स्वरूपात, मागे घेतो.