मेदबिंदू आणि अंकित प्रतिपिंड : एका परीक्षणपद्धतीचा इतिहास

हिरण्यकेशीच्या काठी, घाटमाथ्याच्या अलीकडे वसलेल्या आजऱ्यासारख्या गावी काढलेला ऊतकाचा तुकडा परीक्षणार्थ दूरच्या प्रयोगशाळेत धाडावयाचा, तर तो सामान्यतः फॉर्मॅलिनमध्ये बुडवून धाडतात. तेथे अल्कोहोलने त्यातील पाणी काढून व झायलीनचा संस्कार करून तो मेणात बसवितात आणि त्याचे पातळ छेद घेतात. या रीतीने ऊतक टिकते. परंतु पेशींतील मेद त्या द्रावकांत विरघळून जातो व त्याच्या जागी पोकळी तेवढी उरते. ती पोकळी मेदाचीच होती, हे ठरवावे कसे?

१८९६ मध्ये डाड्डी या संशोधकाने मेद रंगविण्यासाठी सूदान-३ हे रंगद्रव्य वापरले. ही पद्धत सोपी खरी. पण मेद मुळात जागेवर असल्याखेरीज रंग चढणार कशावर? म्हणून तीस गोठविलेल्या ऊतकाचे छेद लागतात. दूरच्या गावाहून आलेल्या नमुन्यास हा लाभ सहसा मिळत नसे.

दुसरी वाट निराळ्याच दिशेने आली. प्रतिपिंड ठराविक द्रव्यासच चिकटते, हे ठाऊक होते. मात्र ते दिसत नसे. अमेरिकेत आल्बर्ट कून्स व त्याच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडास अतिनील प्रकाशात चमकणारे द्रव्य जोडले आणि १९४२ मध्ये न्यूमोनियाच्या जंतूंचे द्रव्य ऊतकात दाखविले. १९६६ मध्ये नाकाने व पिअर्स यांनी चमकत्या द्रव्याऐवजी एंझाइम जोडले. त्यामुळे साधा सूक्ष्मदर्शकही पुरेसा झाला. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन यांच्या शोधाने एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी मिळू लागली.

आता उणीव होती ती लक्ष्याची. मेदबिंदूच्या आवरणावरील पेरिलिपिन हे प्रथिन १९९१ मध्ये उजेडात आले. पुढील वर्षी त्याच कुळातील दुसरे वर्णिले गेले. या दुसऱ्यास प्रथम मेदपेशींच्या विभेदनाशी निगडित असे नाव होते, पुढे ॲडिपोफिलिन म्हटले गेले आणि २०१० मध्ये पेरिलिपिन-२ हे नाव ठरले. एका वस्तूस तीन नावे असली की एकाचे निष्कर्ष दुसऱ्याच्या नजरेतून निसटतात. म्हणून हे नामकरण केवळ औपचारिक नव्हे. मेद विरघळला तरी हे प्रथिन मेणातील छेदातही ओळखता येते. पापणीतील मेदग्रंथींच्या कर्करोगाच्या निदानास त्याचे साहाय्य होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याचे महत्त्व कुष्ठरोगात दिसते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील प्रयोगशाळांचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी कर्करोगाबरोबर या रोगातील ऊतकविकृतींचाही अभ्यास केला. कुष्ठजंतूंनी भरलेल्या फेसाळ पेशी तेव्हाही परिचित होत्या. त्यांतील मेदाच्या आवरणावरील प्रथिने मात्र अज्ञात होती. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी रुग्णांच्या त्वचेच्या छेदांत अंकित प्रतिपिंडांनी पेरिलिपिन व त्याच्या या सहोदराचे अस्तित्व दाखविले. मेद हा रोगाचा निव्वळ अवशेष नसून जंतूंच्या वास्तव्याशी निगडित आहे, या मतास त्यामुळे बळकटी आली.

तथापि प्रतिपिंड प्रथिन दाखविते, मेद नव्हे. शिवाय ते चुकीच्या ठिकाणीही चिकटू शकते. म्हणून प्रत्येक छेदासोबत प्रतिपिंडाविना केलेला छेद तपासणे अवश्य ठरते. ही दक्षता पाळली, तर दूरच्या गावाहून आलेल्या तुकड्यातील रिकाम्या पोकळीसही आपली ओळख सांगता येते.