सिंग, सिंगा आणि बकासुर

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिलाच अंक ली फॉक यांच्या ‘फँटम’चा होता. पुढे ही मालिका मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघाली आणि १९९० पर्यंत चालली. फँटम आपल्याकडे ‘वेताळ’ झाला. गावच्या वेशीवर राखण करणारा, रात्री फेरी मारणारा वेताळ कोकणापासून विदर्भापर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून हा मुखवट्याचा गोरा माणूस मराठी घरात सहज शिरला. नायकाच्या नामांतराची आठवण आजही निघते. त्याच वेळी खलनायकांचीही नावे बदलली गेली, हे मात्र फारसे कोणी आठवत नाही.

फॉक यांनी १९३६ साली ही कथामाला सुरू केली, तेव्हा तिच्यातला प्रदेश ‘बेंगाली’ होता आणि पहिल्या फँटमच्या बापाला मारणारे समुद्री चाचे ‘सिंग’ टोळीचे होते. विसाव्या फँटमचा मारेकरी तर चक्क ‘रामा’ नावाचा. भारतीय आवृत्तीत बेंगालीचे डेंकाली झाले, सिंगचे ‘सिंगा’ झाले आणि रामाचा ‘रामलू’ झाला. कारण ओळखणे कठीण नाही. सिंग हे लाखो शीख आणि राजपूत घरांतले नाव. रामाविषयी तर बोलायलाच नको. मूळ लेखकाने पूर्वेकडचे, कानावरून गेलेले कुठलेही नाव उचलून चाच्याला दिले होते. ज्यांची ती नावे होती, तेच आता वाचक झाले होते.

या दुरुस्तीची मर्यादाही तिथेच दिसते. चाच्याचे नाव बदलले. कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसलेला गोरा राजा आणि त्याच्या शब्दाबाहेर न जाणारे जंगलातले बुटके लोक तसेच राहिले. मूळ इंग्रजीत त्या जमातीचे नाव ‘बांदार’ आहे. हिंदीत बंदर म्हणजे काय, हे सांगायला नको. दुरुस्ती झाली ती अंक विकत घेणाऱ्यापुरती. जो वाचक नव्हता, त्याचे चित्र कोणाला खुपले नाही.

हॉलीवूडला हाच प्रश्न पुढे पडला. १९९६ च्या ‘द फँटम’ चित्रपटात सिंगचे ‘सेंघ’ झाले आणि मुख्य खलनायक म्हणून न्यूयॉर्कचा एक गोरा धनाढ्य उभा केला गेला. म्हणजे मुंबईचीच युक्ती तीस वर्षांनी वापरली गेली. याहून अवघड प्रकरण ‘मँडरिन’चे. मार्व्हलचा हा चिनी खलनायक १९६४ च्याच सुरुवातीला आयर्न मॅनचा शत्रू म्हणून अवतरला. लांब नखे, झुपकेदार मिशा, कपटी पूर्वेकडचा माणूस, हा साचा इंग्रज लेखक सॅक्स रोमर यांच्या फू मांचूपासून चालत आला होता. २०१३ च्या ‘आयर्न मॅन ३’ मध्ये मँडरिन हा एका दारुड्या नटाने घेतलेला वेष निघाला. खलनायकच खोटा ठरवून पेच सोडवला गेला. २०२१ च्या ‘शांग-ची’मध्ये मात्र वेगळी वाट धरली गेली. तिथे वेनवू या पात्राला बायकोच्या मृत्यूचे दुःख आहे, मुलांशी बिनसलेले नाते आहे, आणि मँडरिन या नावाची तो स्वतःच थट्टा करतो. त्याची दुष्टता कमी झालेली नाही. ती त्याच्या वंशातून न येता त्याच्या आयुष्यातून येते, एवढाच फरक. तो एवढासा फरकच महत्त्वाचा आहे.

परक्यांच्या खलनायकांची झाडाझडती घेणे सोपे असते. आपले खलनायक कसे रंगवले जातात? वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात नागपूर-वर्धा रस्त्यावर केळझर आहे. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, भीमाने बकासुराला मारले ते इथेच, अशी तिथली श्रद्धा आहे. असे दावे इतर प्रांतांतही आहेत. पण बकासुर आपल्या गावचा, ही भावना इथे जिवंत आहे. या कथेतले गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस सर्वांना पाठ असतो. आदिपर्वातला ब्राह्मण मात्र आणखी काही सांगतो. इथला राजा नालायक आहे आणि परचक्रापासून या मुलखाचे रक्षण हा राक्षसच करतो. आम्ही देतो ते त्याचे वेतन आहे. बकाच्या मृत्यूनंतर भीम त्याच्या नातलगांना मारत नाही. माणसे मारणार नाही, असे वचन घेऊन त्यांना सोडतो आणि ते ते पाळतात. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’ने पुराणे घरोघरी नेली, हे तिचे मोठे काम. पण तिच्या पानांवर देव गोरे किंवा निळे आणि राक्षस बहुधा काळे, सुळे बाहेर आलेले, असा हिशेब पक्का झाला. ग्रंथातला गुंता चित्रात उतरला नाही, कातडीचा रंग मात्र उतरला.

हा रंग कोणाच्या अंगाला लागतो? गडचिरोलीच्या बाजूला गोंड समाजातले अनेक जण रावणाला पूर्वज मानतात आणि दसऱ्याच्या रावणदहनाला हरकत घेतात. वर्धा जिल्ह्यातही गोंड वस्ती आहे. त्या घरातले मूल चित्रातला राक्षस पाहताना कोणत्या बाजूला उभे राहत असेल, हा प्रश्न ‘सिंग’ खोडणाऱ्या लेखणीला पडला होता तसाच आहे. फक्त विचारणारा वेगळा आहे. उलट बाजूची चूकही घडते. ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’ची झलक ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, तेव्हा रावणाची दाढी आणि वेश मध्ययुगीन मुसलमान सुलतानासारखा असल्याची टीका झाली. पुलस्त्याचा नातू असलेल्या रावणाला नवे रूप देताना ते दुसऱ्याच कोणावर तरी ओढले जाते, ते असे.

मराठीत या प्रश्नाला फार जुने उत्तर आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळीला या भूमीचा न्यायी राजा आणि वामनाला घुसखोर ठरवले. हे पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. वंशाच्या नावाने माणसाला राक्षस ठरवण्याची रीत दोन्हीकडे एकच, हे त्यांना दिसले होते. आर्य बाहेरून आले या त्यांच्या मांडणीवर एकोणिसाव्या शतकातल्या वंशविचाराची छाया आहे आणि तिच्यावर वाद घालता येतो. पण खलनायकाला घर, प्रजा आणि बाजू देण्याचे काम त्यांनी मार्व्हलच्या दीडशे वर्षे आधी केले.

खरे तर ते त्यांच्याही आधी बायाबापड्यांनी केलेले आहे. पाडव्याला ओवाळताना बळीचे राज्य मागणारे घर त्याच पुराणातल्या असुराच्या बाजूने बोलत असते. केळझरचा बकासुर उद्या पडद्यावर येईल, तेव्हा नाव बदलून भागणार नाही आणि चेहरा गोरा करूनही भागणार नाही. आदिपर्वातला नालायक राजा आणि वचन पाळणारे नातलग त्यात आले, तर काळ्या रंगाची गरजच उरणार नाही.