कथलाचे शहर आणि लाल जर्सी : लानेली रग्बी क्लबचा इतिहास

दक्षिण वेल्सच्या पश्चिम भागातील लानेली हे गाव एकोणिसाव्या शतकात टिनप्लेटच्या, म्हणजे लोखंडाच्या किंवा पोलादाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा थर देण्याच्या धंद्यावर वाढले. आपल्याकडे पितळेच्या भांड्याला कल्हई केली जाते, तीच प्रक्रिया येथे गिरण्यांच्या प्रमाणावर चालत असे आणि त्या पत्र्यापासून अन्नाचे व रॉकेलचे डबे जगभर बनत. 1870 च्या दशकात या गावात उभा राहिलेला रग्बी क्लब याच वस्तीचा होता. त्याचे खेळाडू आणि प्रेक्षक गिरण्या, गोद्या व कोळशाच्या खाणींतून आलेले, बहुतांशी वेल्श बोलणारे आणि प्रार्थनामंदिरांत समूहगान शिकलेले लोक होते. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत रग्बी युनियन हा सुखवस्तू वर्गाचा खेळ राहिला, तर दक्षिण वेल्समध्ये तो कामगारांचा झाला. लानेलीचा इतिहास या फरकातूनच समजून घ्यावा लागतो.

1879 पासून क्लब स्ट्रेडी पार्क या मैदानावर खेळू लागला. पुढे त्याने लालभडक जर्सी स्वीकारली आणि तिच्यावरूनच त्याला ‘स्कार्लेट्स’ हे नाव पडले. गावात तयार होणाऱ्या पातेल्यांवरून ‘सॉसबन वाख’, म्हणजे ‘छोटे पातेले’, हे विनोदी वेल्श गीत क्लबला चिकटले, तर मैदानावरील गोलच्या खांबांच्या टोकांना खरोखरीची पातेली बसवली गेली. कारखान्यातील उत्पादन क्रीडाचिन्ह म्हणून इतक्या उघडपणे मिरवणारे गाव विरळाच म्हणावे लागेल.

या धंद्याची भरभराट मात्र निर्धास्त नव्हती. वेल्श टिनप्लेटचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका होती आणि तिने 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने आयातकर जबर वाढवला, तेव्हा अनेक गिरण्या थंडावल्या व कुशल कामगार अटलांटिकपार गेले. त्याच दशकात खेळातही पैशाचा प्रश्न पेटला. सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना मिळावी, या मागणीवरून उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी 1895 मध्ये वेगळी संघटना काढली आणि तिच्यातूनच पुढे रग्बी लीग हा निराळा खेळ घडला. हौशीपणाचा नियम पाळणाऱ्या युनियनमध्ये मोबदला निषिद्ध असल्याने वेल्समधील गरीब घरचे गुणी खेळाडू पैशासाठी उत्तरेकडे जात राहिले आणि तेथे गेलेल्यांना परतीचे दार बंद असे. 1920 च्या दशकात लानेलीचा लाडका सेंटर अल्बर्ट जेंकिन्स गावातच राहिला, ही गोष्ट म्हणूनच त्याच्या खेळाइतकीच लोकांना मोलाची वाटली.

परदेशी संघांना नमवण्याची क्लबची ख्याती 1908 मध्ये ऑस्ट्रेलियावरील 8-3 विजयाने सुरू झाली आणि शताब्दीच्या हंगामात, 31 ऑक्टोबर 1972 रोजी, कळसाला पोचली. त्या मंगळवारी न्यूझीलंडविरुद्ध उतरलेल्या संघाचा कर्णधार डेल्मी थॉमस होता आणि प्रशिक्षक कार्विन जेम्स. खाणकामगाराचा मुलगा, वेल्श साहित्याचा अध्यापक आणि 1970 च्या निवडणुकीत लानेलीतूनच वेल्श राष्ट्रवादी पक्षाचा उमेदवार राहिलेल्या जेम्स यांनी आदल्याच वर्षी ब्रिटिश लायन्स या ब्रिटन व आयर्लंडच्या संयुक्त संघाला न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकून दिली होती. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची खेळण्याची रीत त्यांना जवळून ठाऊक होती. सामन्याच्या आरंभीच फिल बेनेटची पेनल्टी किक गोलच्या चौकटीवर आदळून परतली, न्यूझीलंडच्या खेळाडूने चेंडू दूर मारण्याची घाई केली, तो रॉय बर्गिअर्सने मध्येच अडवला आणि गोलरेषेपलीकडे टेकवून चार गुणांचा ‘ट्राय’ मिळवला. बेनेटच्या कन्व्हर्जनचे दोन आणि अँडी हिलच्या लांब पल्ल्याच्या पेनल्टीचे तीन गुण मिळून निकाल 9-3 असा लागला. गुणफलकावर पाहुण्यांचे नाव ‘सेलंड नेविड’ असे वेल्शमध्ये लिहिलेले होते आणि जेम्स यांच्या एकंदर भूमिकेशी ते सुसंगतच होते. गावातील मद्यालये त्या रात्री कोरडी पडल्याची कथा कितपत खरी मानावी हा प्रश्नच आहे. पण ती अजून सांगितली जाते. पुढे 1973 ते 1976 असा सलग चार वेळा वेल्श चषक क्लबने जिंकला.

तोवर जुन्या हातगिरण्या मागे पडून ट्रॉस्ट्रे येथील यांत्रिक कारखान्यात टिनप्लेटचे काम एकवटले होते. 1995 मध्ये रग्बी युनियनने व्यावसायिकता मान्य केली आणि शंभर वर्षांपूर्वीचा वाद निकालात निघाला. मात्र खेळाडूंचे पगार एकेका गावाच्या तिकीटविक्रीतून भागेनात, म्हणून वेल्श रग्बी युनियनने 2003 मध्ये वरच्या पातळीवर पाच प्रादेशिक संघ उभे केले. अनेक जुन्या क्लबांना त्यासाठी जोडीदार पत्करावे लागले, तर लानेलीने प्रादेशिक संघही स्वतःच्याच बळावर काढला आणि मूळ क्लब खालच्या, अर्धव्यावसायिक स्तरावर खेळत राहिला. 2008 मध्ये प्रादेशिक संघाने नावातील ‘लानेली’ गाळून केवळ ‘स्कार्लेट्स’ हे नाव ठेवले आणि त्याच वर्षी स्ट्रेडी पार्क सोडून गावाच्या दुसऱ्या भागातील ‘पार्क वाय स्कार्लेट्स’ या नव्या मैदानावर बिऱ्हाड हलवले.