काहिलीला वल्हं

आषाढ लागला की कोल्हापूरच्या गुऱ्हाळघरांत शुकशुकाट असतो. चुलवाण थंडगार, चरक बंद, उरलंसुरलं चिपाड ताडपत्रीखाली, आणि हंगामभर रस आटवून काळीठिक्कर झालेली काहील खाली उतरवून ठेवलेली. दसरा-दिवाळीपर्यंत तिला काम नाही. नेमक्या याच महिन्यांत पंचगंगा पात्र सोडते आणि काहिलीची नाव होते. ही अवाढव्य कढई नाव म्हणून कुणी घडवलेली नव्हती. नावेची गरज पडते तेव्हा ती रिकामी असते, तिच्या नावपणाचं मूळ एवढंच.

आणि ती असतेही पाण्याच्या वाटेवरच. करवीर, हातकणंगले, शिरोळचा ऊस नदीकाठच्या काळ्या मळीत वाढतो. तोडलेला ऊस लवकर गाळावा लागतो, म्हणून गुऱ्हाळ उसाला चिकटून. १८९५ साली शाहू महाराजांनी गुळासाठी शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापुरी गुळाला दूरदूरची गिऱ्हाइकं मिळाली. नदीकाठ गुऱ्हाळांनी भरत गेला, तसा पुराच्या रेषेत काहिलींचा आयता ताफाही उभा राहिला. तो ताफा आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही नसणार.

काहिलीची घडणही सोयीची. पत्र्याचे तुकडे रिबिटांनी जोडलेले, तळ जवळजवळ सपाट, काठ उभे, उचलायला कड्या. रस गळू नये म्हणून सांधे घट्ट बसवलेले. जो सांधा उकळता रस बाहेर सोडत नाही तो गार पाणी आत कशाला घेईल? मोठ्या काहिलीचा घेर इतका की चार-सहा माणसं मांडी घालून बसावीत. तिच्यात एका आधणाला हजार लिटरच्या आसपास रस मावतो. पाण्याचा हिशेब उलटा करून पाहिला तरी तोच येतो: जेवढं पाणी आत मावतं, साधारण तेवढ्या वजनाचा भार ती बाहेरच्या पाण्यावर पेलते. त्यातून तिचं स्वतःचं लोखंड वजा करायचं. शिवाय उकळताना फेस उसळतो म्हणून गुळव्या काठोकाठ रस कधीच भरत नाही. पुरात हीच मोकळी सोडलेली वीत उपयोगी पडते, कारण लाट काठावरून आत आली की सगळं संपलं.

पण काहिलीच्या आधीही कृष्णेच्या या खोऱ्यात गोल नावा होत्या. विजयनगरला १५२० च्या सुमारास आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पायस तुंगभद्रेवरच्या टोपलीसारख्या नावांचं वर्णन करतो: आतून वेताचा सांगाडा, बाहेरून कातडं, पंधरा-वीस माणसं बसतील एवढ्या, घोडे नि बैलही त्यांतून पलीकडे जात. वल्हवताना त्या सारख्या फिरत राहतात, हेही त्याच्या नजरेतून सुटलेलं नाही. तुंगभद्रा पुढे कृष्णेलाच मिळते. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीने भर पावसाळ्यात नद्या ओलांडायला अशाच टोपल्या मुद्दाम बनवून घेतल्या होत्या.  हंपीला आज पर्यटक ज्यात बसून फोटो काढतात ती हीच नाव. कातड्याच्या जागी प्लास्टिकची ताडपत्री आणि डांबर आलं, एवढाच बदल.

टोपलीहून गरिबाची चीज म्हणजे सांगड. वाळलेले भोपळे किंवा पांगाऱ्याचे हलके ओंडके एकत्र बांधायचे आणि त्यांच्या आधाराने पाणी कापायचं. कोल्हापुरात पोरांना पोहायला शिकवताना पाठीला जो भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधत, तो याच घराण्यातला. मग ट्रकच्या टायरची ट्यूब आली आणि भोपळे गेले.

काहीलही टोपलीसारखीच गरगर फिरते. तिला नाळ नाही, कणा नाही, पुढचं-मागचं काही नाही. होडीसारखं एका बाजूने वल्हं मारलं तर ती जागच्या जागी गिरकी घेते. म्हणून वल्हं समोर टाकून पाणी आपल्याकडे ओढायचं. नाहीतर बांबूने तळ रेटायचा, किंवा सरळ चार पोहणाऱ्यांनी कड्या धरून ती ढकलत न्यायची. भार मधोमध, उठायचं नाही, वाकायचं नाही. २००५, २०१९, २०२१ च्या महापुरांत वैरण, दुधाचे कॅन, आजारी माणसं असं बरंच काही काहिलीतून हललं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. अशा वेळी काहिलीत बसू नका हे सांगणं बरोबरच आहे, कारण पुराच्या ओढीत ती कुणाचंच ऐकत नाही. पण दारात पाणी आणि गोठ्यात म्हैस असलेल्या माणसाला यांत्रिक बोट येईपर्यंत थांबायचा धीर कुठून यावा?

मासेमारीचं मात्र वेगळं. पाऊस सरतो, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पाणी अडवायचे बरगे पडतात, गढूळ पाणी निवळून संथ होतं. पश्चिमेचा वारा पडून पूर्वेचा कोरडा गार वारा सुटतो. वाम, मरळ धरायला एकट्या माणसाला हलकी नाव हवी ती आत्ता, आणि आत्ताच काहील चुलवाणावर चढलेली असते. गूळ सोडून मासे धरायला काहील कोण देईल? शिवाय जाळं टाकायला एकट्याला ती झेपायचीही नाही. म्हणून बंधाऱ्यावर आणि धरणांच्या फुगवट्यावर मासेमार दिसतो तो फुगवलेल्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तराफ्यावर, हातात लाकडाच्या दोन फळ्या घेऊन पाणी मागे सारणारा. भोपळ्यांच्या सांगडीचा खरा वारस तो आहे. वारा वाढला की त्याचा तराफा जाळ्यावरून वाहत जातो, मग दगड बांधलेली दोरी तळाला सोडून तो जागा धरतो.

याच दिवसांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हीच कसरत चालते, साधनं तेवढी महाग. तिथला पट्टेरी बास हा मासा थंडीची चाहूल लागताच न्यू इंग्लंडकडून दक्षिणेला निघतो आणि मेनहेडन माशांच्या थव्यामागे थेट किनाऱ्यालगत येतो. म्हणूनच त्याच्यासाठी मोठं जहाज लागत नाही. गार, बोचऱ्या वाऱ्यात एकटा माणूस कयाक ही अरुंद नाव घेऊन उतरतो, वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून कापडी पिशवी पाण्यात सोडतो आणि मासा गळाला लागला की काही वेळ त्याच्या मागे ओढला जातो. या माशाची किंमत तिकडे जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३९ मध्येच तो शेतात खत म्हणून टाकायला बंदी घातली. १८७९ मध्ये न्यू जर्सीतली त्याची सव्वाशेच्या वर पिल्लं आगगाडीने देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात नेऊन सोडली गेली आणि तिथेही तो रुजला. आपल्याकडे दख्खनी महासीरला, म्हणजे कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याकडच्या नद्यांतून नोंदवलेल्या माशाला, असा आधार लोणावळ्याच्या टाटांच्या उबवणी केंद्राने दिला, तोही १९७० च्या दशकापासून.

कयाकही मुळात घरातल्या साहित्याचीच. आर्क्टिकमधल्या इनुइट शिकाऱ्याकडे झाडं नव्हती. वाहून आलेलं लाकूड, हाडं आणि सीलचं कातडं एवढ्यावर त्याने मालकाच्या अंगाच्या मापाची अरुंद, लांब नाव बेतली. सीलच्या मागे जायचं, तर ती गप्प आणि सरळ जायला हवी होती. कृष्णाकाठच्या टोपलीला मात्र फक्त पैलतीर गाठायचा होता, तिला सरळ जायची घाई नव्हती. १८६५ मध्ये जॉन मॅक्ग्रेगर या स्कॉटिश वकिलाने ‘रॉब रॉय’ नावाच्या लाकडी नावेतून युरोपच्या नद्या पालथ्या घातल्या आणि शिकाऱ्याची नाव हौशी माणसाची झाली.

आजची मासेमारीची कयाक मात्र कातड्याचीही नाही, लाकडाचीही नाही. पॉलिथिलीनची पूड साच्यात घालायची, साचा तापवत सगळ्या बाजूंनी फिरवायचा. वितळलेलं प्लास्टिक आतून सारखं चिकटतं आणि सांधा नसलेली पोकळ नाव तयार होते. शिरोळच्या घराघरांवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या याच रीतीने बनतात. काहिलीच्या जागी आता काही गुऱ्हाळांत स्टेनलेस स्टील आलंय, आणि जी गुऱ्हाळं बंद पडली त्यांच्या लोखंडी काहिली भंगाराच्या तराजूवर गेल्या. पुराच्या दिवसांत तिथे निळी प्लास्टिकची पिंपं दोरीने बांधून, वर दाराची फळी टाकून तराफे निघतात.