चतकोराचा नियम

यवतमाळ जिल्ह्याच्या अन्नाचा इतिहास जो कोणी चाळू लागेल, त्याच्या दृष्टीस प्रथम पडते ती भूक. हा जिल्हा १८६४ साली निर्माण झाला, पुढे वणी या नावाने ओळखला गेला आणि १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. त्या चाळीस वर्षांच्या अवधीत १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन भीषण दुष्काळ वऱ्हाडावरून गेले. काळ्या कसदार जमिनीत कापूस उदंड पिकत होता, परंतु कापसाने पोट भरत नाही. ज्या प्रांताने असे दिवस पाहिले, तेथे भरलेले अंग हे भाग्याचे लक्षण मानले जावे यात नवल ते काय? ‘खात्यापित्या घरचा’ हे विशेषण आपल्या भाषेत कौतुकाने वापरले जाते.

त्याच जिल्ह्यात आज यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथील दवाखान्यांत वैद्य रोग्यास सांगतात, ‘वजन उतरवा.’ मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची व्यथा यांची ही पहिली पथ्याज्ञा होऊन बसली आहे. आणि याच जिल्ह्यातील कोलामांच्या पोडांवर मुलांच्या कुपोषणाचा प्रश्न अद्याप संपलेला नाही. एकाच तालुक्यात एकास घास कमी पडतो व दुसऱ्यास तो जड होतो. म्हणून स्थौल्याचा विचार येथे केवळ सौंदर्याचा वा चैनीचा विषय राहत नाही. तो इतिहासाच्या अंगाने पाहिला पाहिजे.

स्थौल्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य मानलेल्या आठ शरीरप्रकारांत अतिस्थूल व अतिकृश या दोघांचीही गणना केली आहे, आणि त्या दोहोंत कृशता पत्करली असा स्पष्ट अभिप्राय दिला आहे. उपाय सांगताना ग्रंथकार उपवासावर भर देत नाही. पोटास भार वाटेल पण अंगास पुष्टी येणार नाही, असे अन्न द्यावे, हे त्याचे सूत्र होय. जव, मूग, कुळीथ, आवळा ही द्रव्ये त्याने त्यासाठी सुचविली. स्थूलाचा अग्नी तीव्र असतो, त्याला भूक वारंवार लागते, तेव्हा त्याचे पोट रिकामे ठेवून चालणार नाही, हे त्याने ओळखले होते. व्यायामादी उपायही क्रमाक्रमाने वाढवावेत, असे तो बजावतो.

या ‘क्रमाक्रमाने’ शब्दाचा खरा उलगडा वाग्भटाच्या अष्टांगहृदयात होतो. जडलेली अपथ्य सवय एकदम टाकू नये. तिचा चौथा हिस्सा सोडावा, किंवा त्या चौथ्याचाही चौथा सोडावा, आणि तेवढ्याच मापाने हितकर पदार्थ घ्यावा. मध्ये एक, मग दोन, मग तीन दिवसांचे अंतर ठेवीत पुढचा हिस्सा बदलावा. कारणही त्याने दिले आहे. एकाएकी सोडलेले अपथ्य आणि एकाएकी धरलेले पथ्य, दोन्ही विकार उत्पन्न करतात. उलट जे दोष हळूहळू कमी केले ते परतत नाहीत, व जे गुण हळूहळू जोडले ते ढळत नाहीत. भाकरीच्या चौथ्या हिश्शास मराठीत चतकोर म्हणतात. वाग्भटाचा हा नियम मराठीत सांगावयाचा तर त्यास चतकोराचा नियम म्हणावयास हरकत नाही.

हा ग्रंथ आपल्या मुलखास परका नव्हता. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याच्या नावाने हेमाडपंती देवळे ओळखली जातात व ज्या घडणीची देवळे यवतमाळ जिल्ह्यातही आढळतात, त्याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. त्याच्या आश्रयास असलेला प्रसिद्ध वैयाकरण बोपदेव हा वैद्य केशवाचा पुत्र. त्याचे घराणे वरदेच्या तीरावरचे, म्हणजे आज जी वर्धा नदी यवतमाळ जिल्ह्याची सीमा आखून वाहते तिच्या काठचे. केशवाने ‘सिद्धमंत्र’ नावाचा ग्रंथ रचला. त्यात द्रव्यांचे वर्गीकरण वात, पित्त व कफ यांवरील परिणामांनुसार केले असून, त्यावर पुत्राने टीका लिहिली. कोणता पदार्थ अंगास काय करतो, याचा विचार या नदीच्या काठी सातशे वर्षांपूर्वी होत होता.

पश्चिमेकडेही अनुभवाने हेच शिकविले. लंडनचा विल्यम बँटिंग हा गृहस्थ वयाच्या पासष्टीनंतर इतका लठ्ठ झाला की त्यास वाकून जोड्याचे बंद बांधता येईनात. नाव वल्हविण्याचा व्यायाम त्याने केला, तर त्यायोगे भूकच वाढली. स्नाने व औषधेही व्यर्थ गेली. शेवटी वैद्य विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बीर व बटाटे यांना फाटा दिला. १८६२ च्या ऑगस्टात त्याचे वजन २०२ पौंड होते. सुमारे एक वर्षाने ते १५६ पौंड झाले. १८६३ साली त्याने आपला वृत्तांत पत्ररूपाने छापला आणि तो घरोघर वाचला गेला. लोकांनी त्यातील पदार्थांची यादी तेवढी उचलली. हिशेब मात्र फारसा कोणी केला नाही. तो केला असता ४६ पौंड उतरावयास वर्षाहून थोडा अधिक काळ लागला, म्हणजे आठवड्यास एक पौंडाहूनही कमी, असे दिसून येते.

आता यवतमाळकडे वळू. येथील जुने ताट म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण किंवा झुणका, अंबाडीची भाजी, तिखट, आणि वर जवसाच्या तेलाची धार. सणावारी पुरणपोळी. ते ताट राजेशाही नव्हते, आणि त्याचा गौरव करताना त्यातील दारिद्र्य विसरणेही योग्य नव्हे. पण त्यात चावावे लागे, पोट लवकर भरे, आणि खाणारा दिवसभर शेतात राबत असे.

या ताटात पालट झाला तो सन्मान्य कारणांसाठी. पुसदजवळच्या गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक हे १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. अन्नाचा तुटवडा हा त्यांच्या कारकिर्दीतील मोठा प्रश्न. संकरित ज्वारीचा प्रसार आणि १९७२ च्या दुष्काळातील रोजगार हमीची कामे हे त्यावरील उपाय. पुढे शिधावाटपाच्या दुकानांतून गहू-तांदूळ खेड्यापाड्यांत पोहोचला व २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क ठरला. गेल्या शतकाच्या अखेरीपासून ज्वारीची शेते कपाशी व सोयाबीन यांनी व्यापली. जवसाच्या घाणीच्या जागी शुद्ध केलेल्या तेलाचे डबे आले. चहातील साखर वाढली, दुकानोदुकानी पुड्या टांगल्या गेल्या, आणि पायी जाणारा माणूस दुचाकीवर बसला. यांपैकी एकही गोष्ट एका दिवसात घडली नाही. प्रत्येक चतकोर इतक्या हळू सरकला की घरातील कोणासही तो जाणवला नाही. ताट बिघडले तेही वाग्भटाच्या क्रमानेच!

येथे पुण्याचे एक संशोधन ध्यानात घेण्याजोगे आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालके इंग्लंडातील बालकांहून वजनाने हलकी भरली, परंतु त्यांच्या अंगावरील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. २००४ साली डॉ. याज्ञिक व इंग्लंडातील डॉ. युडकिन यांनी आपलेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे सारखेच, २२.३; पण एकाच्या अंगात मेद ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तात्पर्य, ज्यांच्या पूर्वजांनी व मातांनी अर्धपोटी दिवस काढले, त्यांना थोडे वजनही पोटावर साठून महागात पडू शकते. उपाशी पिढ्यांच्या वंशजांस अशा तऱ्हेने भूक आणि स्थौल्य हे एकाच घरचे दोन पाहुणे आहेत.

मग वजन झपाट्याने उतरविण्याचा मोह होतो. त्याचेही उत्तर इतिहासाने दिले आहे. १९४४–४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांस सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर स्नायू झिजले, शरीराचा दैनंदिन व्यय मंदावला, मन चोवीस तास अन्नाभोवती घिरट्या घालू लागले. आणि प्रयोग संपताच त्यांतील कित्येकांनी इतके खाल्ले की अंगावरील मेद पूर्वीहून अधिक झाला. याउलट २००२ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना शंभरांतील अवघे सात हिस्से वजन उतरविण्यास व आठवड्यास दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्यास सांगण्यात आले. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. सत्तर किलोच्या माणसास हे म्हणजे पाच किलोंच्या आसपास.

विदर्भात अन्नाचे प्रयोग झाले नाहीत असे नाही. वर्धा नदीपलीकडे, वर्ध्यास, १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल व गूळ यांचा पुरस्कार केला. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला. दुसऱ्या पक्षाचे आहारतज्ज्ञ थोडे थोडे अनेकदा खाण्यास सांगतात. या वादात निवाडा करण्याचे येथे कारण नाही. दोन्ही पक्ष अवेळी नकळत तोंडात पडणाऱ्या घासावर बोट ठेवतात, एवढे लक्षात घेतले की पुरे.

चतकोराचा नियम आजच्या घरात लावावयाचा तर आरंभ चहापासून होतो. चार चमचे साखर घेणाऱ्याने तीन घ्यावी. जीभ सरावली की दोन. भाताच्या राशीतील चौथा हिस्सा काढून त्या जागी अंबाडी, मेथी वा दोडक्याची भाजी वाढावी. महिन्याचे तेल एकदाच मोजून आणावे आणि पुढील महिन्यात थोडे कमी आणावे. आठवड्यातून दोन वेळा पोळीऐवजी भाकरी थापावी. ज्वारीत उष्मांक फार कमी आहेत अशी समजूत मात्र करून घेऊ नये. तिचा गुण आहे तो तिच्यातील चोथ्यात व सावकाश चावण्यात. पालट एका ताटात न होता साऱ्या घराच्या ताटांत व्हावा, नाहीतर स्वयंपाक करणाऱ्या माउलीवर दोन चुलींचा भार पडतो आणि पंधरा दिवसांत सारे पूर्ववत होते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने वैद्यास विचारूनच आहार बदलावा. वाढत्या मुलांच्या व गर्भवतीच्या ताटातून तर काहीच काढू नये.

जे वजन दहा वर्षांत आले ते दहा दिवसांत जावे, ही अपेक्षा शेतकऱ्याच्या जिल्ह्यास तरी शोभत नाही. पेरणीनंतर रोज बी उकरून पाहणारा शेतकरी कोणी पाहिलेला नाही. वर्षाकाठी तीन-चार किलो उतरले व परत आले नाहीत, तर तो लहानसा विजय नव्हे. ज्या भूमीने दोन दुष्काळ सोसले तिला अन्नाची किंमत कोणी शिकवावयास नको. एका ताटातील जादा चतकोर सुटावा आणि पोडावरच्या ताटात उणा असलेला चतकोर पडावा, ही दोन्ही कामे अद्याप व्हावयाची आहेत, आणि दोहोंस सबुरी लागणार आहे.